काशीरामच्या खिशातून

नाटे गावच्या जेटीवर मालन खडपे हिच्याशी भांडण काढायला कोणी सहसा धजत नसे. तोंडाने ती फार जबर होती असं नाही. तोंडाळ बायका जेटीवर पैशाला पासरी मिळतील. पण मालन विसरत नसे. एकदा एका बाईने लिलावात तिच्या पुढ्यातला सुरमईचा वाटा बोली चढवून ओढून नेला. मालनने त्या दिवशी हूं की चूं केलं नाही. मग पावसाळ्यात जेटी बंद होईपर्यंत ती बाई ज्या मालावर बोट ठेवी, त्याची बोली मालन चढवत नेई आणि ऐन वेळी गप्प बसे. बाईने तो सगळा हंगाम महाग मासळी गळ्यात घेऊन काढला. क्षमा वगैरे गोष्टी पोट भरलेल्या माणसांनी कराव्यात, असं मालनचं मत होतं आणि ते ती लपवीत नसे.

नवरा भागोजी अगदी उलट. जाळी विणणारा, खाली मान घालून बोलणारा, कुत्र्याला हाड म्हणतानाही आवाज न चढवणारा माणूस. मुलगी आंजर्ल्याला दिलेली. घर चालायचं ते मालनच्या उजव्या हातावर. पहाटे जेटीवर मासळी घ्यायची, रत्नागिरीच्या बाजारात नेऊन बसायचं, गिऱ्हाईक समोर उभं असताना पापलेट असं कापायचं की गिऱ्हाईकाने घासाघीस विसरावी. दुपारी रिकाम्या पाट्या घेऊन परत नाटे.

हे जाणं-येणं काशीरामशेठच्या ट्रकमधून व्हायचं. काशीराम भागोजीच्या भावकीतला, वयाने मोठा, म्हणून मालन त्याला भावजी म्हणायची. त्याची एक मोठी बोट होती, हा ट्रक होता, आणि गावाच्या कुठल्याही बैठकीत बसायला पहिली खुर्ची होती. ट्रक मासळीचा. त्यात माणसं बसवायला परवानगी नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ओल्या मासळीची पाटी घेऊन एसटीत चढलं की अर्धी गाडी नाक दाबते, तेव्हा जेटीवरच्या बायका ट्रकच्या मागे बसत. जाऊन-येऊन चाळीस रुपये भाडं हर्षद ड्रायव्हर गोळा करी आणि संध्याकाळी शेठच्या हातावर ठेवी. कागदावर काही नाही, तोंडावर सगळं. कोकणातले बरेच धंदे असेच चालतात आणि काही होईपर्यंत बरे चालतात.

झालं ते ऑक्टोबरातल्या दुपारी, परतीच्या वाटेवर. मागे मालन आणि तिची मैत्रीण गंगा अशा दोघीच होत्या. पुढचं टायर गुळगुळीत झालंय, बदला, म्हणून हर्षद शेठच्या मागे लागला होता. शेठ म्हणाला होता, अजून महिनाभर काय होत नाही. पूर्णगडच्या पुलाकडे उतरताना ते टायर फुटलं आणि ट्रक जांभ्याच्या दरडीवर आडवा झाला. गंगा झुडपात फेकली गेली आणि ओरखड्यांवर सुटली. हर्षदचं डोकं फुटलं. मालनचा उजवा हात ट्रकचा फाळका आणि दरड यांच्यामध्ये सापडला.

कोल्हापूरला नेलं. दोन बोटं काढावी लागली. अंगठा आणि उरलेली दोन वाचली, पण ती नुसती दिसायला. वळत नव्हती, धरत नव्हती. डॉक्टरांनी भागोजीला बाजूला घेऊन सांगितलं, मुंबईला याचं मोठं ऑपरेशन होतं, त्यातून अंगठा आणि बोटं पुन्हा चालू शकतील. मात्र तीन वर्षांच्या आत करा. तेवढा काळ उलटला की स्नायू सुकतात, मग कोणी हात लावून उपयोग नाही. भागोजीने हे मालनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे हात परत येतो." भागोजी म्हणाला, येतो, पैसे असले तर.

काशीराम दवाखान्यात आला होता. मोसंबीची पिशवी आणली होती, खुर्चीवर बसून डोळे टिपले होते.

"देवाची करणी गो मालन," तो म्हणाला. "जीव वाचला ह्याच मोठा समज."

मालनला तेव्हा त्याचा राग आला नव्हता. टायरचं तिला माहीत नव्हतं. भावजी एवढा लांब आले, याचं तिला बरंच वाटलं. ती घरी आली आणि पोलिसांना काशीरामने काय जबाब दिला आहे, ते भागोजीला तिच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं, पण जेटीवरच्या गोष्टी कोणाच्या बापाला लपत नाहीत. काशीरामने लिहून दिलं होतं की माझा ट्रक रिकामा परत येत होता, आणि सदर बाई माझ्या ड्रायव्हरच्या नकळत, भाडं न देता, चोरून गाडीत चढली होती.

"चोरून," मालन म्हणाली. हात गेल्याचं तिने रडून घेतलं होतं, पण ह्या शब्दाला तिला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर अपघातानंतर पहिल्यांदा तिला भूक लागली. त्या दिवसापासून काशीराम तिचा भावजी राहिला नाही. समोर आला तर ती त्याला शेठ म्हणे, मागे नुसतं काशीराम.

बरी झाल्यावर पहिल्यांदा ती गेली ती ग्रामदेवीच्या देवळात, गाऱ्हाणं घालायला. गुरवाने नारळ ठेवला, हात जोडले आणि विचारलं, देवीकडे काय मागायचं.

"काशीरामचा उजवा हात," मालन म्हणाली.

गुरव चपापला. "असा मागत नाय गो. देवी हाय ती, खाटीक नाय."

"मग सांग तिला, काय द्यायचा ता तिच्या मनाने देऊं दे. पण काशीरामच्या खिशातून देऊं दे."

हे मागणं गुरवाला पचण्यासारखं वाटलं. त्याने ते जरा गोड करून देवीच्या कानावर घातलं.

देवीने काय केलं ते देवी जाणे. मालनने मात्र रत्नागिरीला जाऊन संध्या वकीलबाईंना गाठलं. वकीलबाई अपघाताचेच दावे चालवत. टेबलावर चष्मा, बिस्किटाचा पुडा आणि कागदांची चळत. समोरच्याला घाई न करणारी बाई होती. त्यांनी हाताचा हिशोब कसा होतो ते मालनला समजावून सांगितलं. कोर्ट आधी तुमची महिन्याची कमाई धरतं. पुढे ती वाढली असती म्हणून त्यात थोडी भर घालतं. तुमच्या वयाला चौदाचा गुणक आहे, त्याने गुणतं. मग बघतं, हात किती गेला यापेक्षा हातावरचं काम किती गेलं.

"डॉक्टरांच्या दाखल्यात साठ टक्के लिहिलंय," वकीलबाई म्हणाल्या. "शाळेतल्या बाईंचा हात असा झाला तर त्या शिकवू तरी शकतात. तुम्ही मासळी कापता. आपण म्हणू, तुमचं काम त्याहून जास्त गेलंय. दवाखान्याचा खर्च, पुढचं ऑपरेशन, सोसलेलं दुखणं, सगळं धरून एकवीस लाखांच्या आसपास जाईल."

एकवीस लाख हा आकडा ऐकून भागोजी खुर्चीच्या टोकावर आला. मालनने विचारलं, "ते काशीराम देणार?"

"नाही. ट्रकचा विमा आहे. ट्रकमध्ये तुमचा स्वतःचा माल असेल आणि मालासोबत तुम्ही बसला असाल, तर विमा कंपनी देते. लोकअदालतीत तडजोड झाली तर सहा-आठ महिन्यांत पैसे हातात. तुमचा माल होता का गाडीत?"

"जाताना होता. येताना रिकाम्या पाट्या."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "मग अडचण आहे. मालाच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली, तर कंपनी हात वर करते. तेव्हा पैसे मालकाने भरायचे, स्वतःच्या खिशातून. आणि मालकाकडून वसूल करणं म्हणजे वर्षं जातात. कदाचित हातात काहीच येणार नाही."

भागोजीचं तोंड पडलं. मालनचं उजळलं. वकीलबाईंनी पुष्कळ पक्षकार पाहिले होते, पण ही बातमी ऐकून खुश झालेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी तिला पुन्हा एकदा, सावकाश, तारखा मोजून समजावलं की तीन वर्षांची मुदत कोर्टासाठी थांबत नाही. मालनने मान डोलावली. तिला कळलं नव्हतं असं नाही. तिला सगळं कळलं होतं.

काशीरामलाही त्याच्या वकिलाने हेच सांगितलं असणार, कारण आठवडाभरात तो मालनच्या पडवीत येऊन बसला. चहा घेतला, भागोजीच्या जाळ्याचं कौतुक केलं.

"गो मालन, एक सांगतंय ता ऐक. गाडीत तुजी सुकटीची दोन पोती होती, असा सांग कोर्टात. बाजारातला एक व्यापारी लिहून देतो. कंपनी पैसे देते. तुजा भला, माजा भला. आपल्यात कशाला वाईटपणा?"

"आणि चोरून चढली ता?"

"ता घाबरून बोल्लो गो. ता बदलता येईल. माज्या उत्तरात आता तसा लिहितच नाय."

मालन काही बोलली नाही. जेटीवर सौदा असा ठरतो. एकाने भाव सांगायचा, दुसऱ्याने गप्प राहायचं, गप्प राहिला म्हणजे माल दिला. काशीराम हसतमुखाने उठला. मालनने त्याला होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. तो गेल्यावर भागोजी म्हणाला, "घे गो कंपनीचे. हात तरी येईल."

"येईल की," मालन म्हणाली, आणि त्याच्याकडे पाठ करून पाट्या धुवायला बसली.

पुढचा काळ तिला फार जड गेला. एका हाताने निऱ्या घालता येत नाहीत, नारळ सोलता येत नाही. भागोजी तिची वेणी घालायचा आणि ती वाकडी घातली म्हणून शिव्या खायचा. मासळी विकायला ती काही दिवस बसली, पण कापून मिळत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जाई. शेवटी ती घरी सुकटीचे वाटे लावत बसली. जेटीवरून ट्रक गेला की तिला तो आवाजावरून ओळखू येई. दुरुस्त करून काशीरामने तो पुन्हा रस्त्यावर आणला होता, आणि बायका पुन्हा त्यात बसत होत्या. चाळीसचे पन्नास झाले होते.

कोर्टात काशीरामने उत्तर दाखल केलं की मालन खडपे ही तिच्या स्वतःच्या सुकटीच्या पोत्यांसह, माझ्या संमतीने प्रवास करत होती. आता संमती आली, चोरी गेली. मग मालन पिंजऱ्यात उभी राहिली. डाव्या हाताने पदर सावरला आणि सांगितलं की पोती नव्हती, सुकट नव्हती, रिकाम्या पाट्या होत्या आणि चाळीस रुपये भाडं दिलं होतं. रोज देत होतो. सगळ्याच देत होतो.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. मालनला सत्याची फार चाड होती असं मुळीच नाही. कालची मासळी आजची म्हणून तिने अर्ध्या रत्नागिरीला खाऊ घातली होती. पण ह्या खेपेला सूड खरं बोलण्यात होता, म्हणून ती खरं बोलली. सूड खोट्यात असता तर खोटं बोलली असती.

कंपनीच्या वकिलाला हर्ष झाला. त्याने काशीरामचा पोलिसांकडचा जुना जबाब काढून त्याच्याच हातात दिला आणि मोठ्याने वाचायला लावला. माझा ट्रक रिकामा परत येत होता. रिकाम्या ट्रकमध्ये पोती कुठून आली, असं वकिलाने विचारलं. काशीराम घाम पुसत राहिला. मालनला चोर ठरवायला त्याने जो जबाब लिहून दिला होता, तोच आता त्याच्या नरड्यावर बसला होता. मालन मागच्या बाकावरून त्याचं तोंड बघत होती. नंतर ती सांगायची, लग्नात नवरा बघितला तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता.

गंगा साक्षीला आली आणि मला काही आठवत नाही म्हणाली. तिचा मुलगा काशीरामच्या बोटीवर खलाशी होता. हर्षद मात्र बोलला. अपघातानंतर शेठने सगळा दोष त्याच्या डोक्यावर टाकून त्याला हाकललं होतं. गुळगुळीत टायरचं त्याने सांगितलं, रोजचं भाडं शेठच्या हातावर ठेवत होतो तेही सांगितलं. हर्षदवरही मालनचा राग होता, पण राग ती एका वेळी एकावरच काढायची.

निकालाला पावणेदोन वर्षं लागली. वकीलबाईंचा अंदाज फारसा चुकला नाही. वीस लाख ऐंशी हजार, वर व्याज, आणि भरायचे ट्रकच्या मालकाने. कंपनी सुटली. मालनने पेढे वाटले. भागोजीने पेढा हातात घेतला आणि विचारलं, पैसे कधी येणार.

काशीराम पैसे भरेना. वकीलबाईंनी ट्रकवर जप्ती आणली. कोर्टाचा बेलीफ नाट्यात आला आणि लिलाव जेटीच्या मोकळ्या जागेतच ठेवला, कारण ट्रक तिथेच उभा होता. आता काशीरामने काय केलं, ते नीट ऐकण्यासारखं आहे. जेटीची रीत अशी की मालाला बोलीच आली नाही, तर माल बोटवाल्याच्या घरी परत जातो, मीठ लावून सुकवायला. काशीरामने जन्मभर हेच बघितलं होतं. कोर्टाचा लिलाव म्हणजेही असाच काहीतरी असणार, असं त्याने धरलं. घरोघर फिरला, भावकीला दम भरला, रत्नागिरी-राजापूरच्या ओळखीच्या गाडीवाल्यांना फोन केले. त्या दिवशी कोणी तोंड उघडायचं नाही. बोली आली नाही की ट्रक आपोआप माझ्या दारात.

लोक जमले, दोनशे तरी असतील. बेलीफाने ट्रकची सरकारी किंमत पुकारली, दोन लाख दहा हजार. जेटीवर कोणी खोकलंसुद्धा नाही. काशीराम टपरीच्या सावलीत दाढी खाजवत उभा होता. बेलीफाने पुन्हा पुकारलं. मग मालनने डावा हात वर केला.

"दोन लाख दहा," ती म्हणाली.

वकीलबाईंनी कोर्टाची परवानगी आधीच आणून ठेवली होती. ज्याचे पैसे येणं आहेत त्यालाही बोली लावता येते, आणि ती रक्कम त्याच्या येण्यातून वळती होते. खिशात दमडी नसली तरी चालते. बेलीफाने कागद बघितला आणि म्हणाला, दोन लाख दहा, एक वार.

काशीरामच्या तेव्हा ध्यानात आलं. ट्रक काही नाही तरी सहा लाखांचा होता. तो अडीच म्हणायला पुढे आला, तर बेलीफ म्हणाला, ज्याच्यावर जप्ती त्याने बोलायचं नाही, बाजूला व्हा. मग तो भावकीला खुणा करू लागला. बोला, बोला. पण भावकीला त्याने आठवडाभर तोंड न उघडण्याची ताकीद दिली होती, आणि शेठचा हा आणखी काही डाव असेल म्हणून जो तो तोंड आणखीच घट्ट मिटून उभा राहिला. एकाला त्याने कोपराने ढोसलं. तो म्हणाला, "नाय शेठ, मी बोलत नाय, शब्द दिलाय." दोन वार. तीन वार.

जेटीवर हसू फुटलं. आधी बायका हसल्या, मग पुरुष हसले, मग काशीरामचे खलाशी तोंड फिरवून हसले. ट्रक मालनचा झाला, आणि सहा लाखांच्या ट्रकने काशीरामचं देणं फक्त दोन लाख दहा हजारांनी उतरलं. बाकी डोंगर होता तसाच. मालनने ट्रक राजापूरच्या एका माणसाला विकला. कोल्हापूरच्या दवाखान्यासाठी काढलेलं कर्ज आणि त्यावरचं साचलेलं व्याज त्यात फिटलं, गहाण मंगळसूत्र सुटलं. हाताच्या ऑपरेशनला काही उरलं नाही.

अपघाताला अडीच वर्षं होत आली होती. वकीलबाईंनी आता बोटीवर जप्तीचा अर्ज लावला. बोट म्हणजे काशीरामचं सर्वस्व. ती गेली तर तो गावात चार माणसांसारखा माणूस उरणार होता. एका संध्याकाळी तो मालनच्या अंगणात आला. बरोबर गावातली दोन वडीलधारी माणसं आणि गंगा. ह्या वेळी चहा मागितला नाही.

"पाच लाख रोख आणलेत," पिशवी पडवीत ठेवत तो म्हणाला. "उद्या मुंबईक जा, हात करून घे. बाकीचे दरसाल थोडे थोडे देतो. बोटीवरचा अर्ज तेवढा काढ."

गंगा रडायला लागली. "माज्या झिलाचा पोट त्या बोटीवर हाय गो मालन."

भागोजी पडवीच्या पायरीवरून उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो चारचौघांत बायकोआधी बोलला.

"घे मालन. मी पाया पडतंय तुज्या. घे आणि सोड आता."

मालनने काशीरामला विचारलं, "मी चोरून चढलेली काय शेठ?"

"नाय गो."

"मोठ्याने."

"नाय. भाडा देऊन बसलेली. मी खोटा बोल्लो." शेजारपाजारची माणसं कुंपणाशी आली होती, सगळ्यांनी ऐकलं. काशीरामने मान खाली घातली. म्हातारा माणूस दिसत होता तो आता. वडीलधाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, झालं, आता मिटलं.

मालनच्या मनात काही हललं नाही असं कोणी समजू नये. तिने पिशवीकडे बघितलं. आपल्या हाताकडे बघितलं. अंगठा वळेल, विळीवर मासा धरता येईल, बाजारात आपली जागा परत मिळेल, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग दवाखान्यातली ती मोसंबी आठवली, डोळे टिपणारा काशीराम आठवला, आणि दवाखान्यातून उठून त्याने लिहून दिलेला तो शब्द.

"ह्या बोललात ता व्याज झाला, शेठ," ती म्हणाली. "मुद्दल बोटीवर हाय."

काशीराम पिशवी उचलून गेला. गंगा त्यानंतर मालनशी बोलली नाही, आजही बोलत नाही. वडीलधाऱ्यांनी वाटेत तिला कैदाशीण म्हटलं, आणि ते तिच्या कानावर आलं तेव्हा तिने ते नाकारलं नाही.

काशीरामने अपील केलं, स्थगिती आणली, तारखांमागून तारखा पाडल्या. वर्ष गेलं. शेवटी अपील फेटाळलं गेलं आणि बोट विकली गेली. ह्या खेपेला त्याने तोंडं बंद करायची चूक केली नाही. बाहेरून लोक आले, चढाओढ झाली, वेंगुर्ल्याच्या एका माणसाने चांगल्या किमतीला बोट घेतली. मालनचे पैसे व्याजासकट आले, एक रुपया कमी नाही. तिने बँकेत उभं राहून काउंटरवरच्या मुलीकडून आकडा दोनदा वाचून घेतला. काशीराम आता मुलाकडे मुंबईला असतो. गावच्या बैठकीतली पहिली खुर्ची दुसऱ्या कोणाची झाली आहे.

पैसे आल्यावर पहिल्याच आठवड्यात भागोजी तिला मुंबईला घेऊन गेला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून बघितला, सुया टोचून बघितल्या, जुने कागद वाचले. स्नायू सुकलेत, ते म्हणाले. गेल्या वर्षी, याच सुमारास आला असतात, तर काहीतरी करता आलं असतं. आता उगाच पैसे घालवू नका.

बाहेर आल्यावर भागोजी बाकड्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मालन त्याच्या शेजारी बसली. तिलाही रडू येत होतं. ते येतंय म्हणून तिला संताप येत होता. तिने पदराने त्याचे डोळे पुसले, पण ते थांबेनात.

"रडताव कशाला?" ती म्हणाली. "त्याची बोट ग्येली ना?"

भागोजीने तिच्याकडे बघितलं नाही. "ग्येली," तो म्हणाला.